डासाची पारख

डास दिसला की त्यास चापटी मारावी, यापलीकडे त्याचा विचार करण्याची गरज बहुतेकांना भासत नाही. तो कोणत्या जातीचा होता, त्याच्या पंखांवर ठिपके होते की नव्हते, भिंतीवर तो कसा बसला होता, हे पाहण्यास सवड कोणास असते? परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी गोव्याच्या सीमेवर हेच प्रश्न गरीब शिपायांच्या जिवाचे प्रश्न होऊन बसले होते. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी ज्यांना तेथे पाठविण्यात आले ते गृहस्थ वैद्य नव्हते, किंवा शास्त्रज्ञ म्हणून वेतन घेणारेही नव्हते. ते जकात व मीठ खात्यातील एक अधिकारी होते. त्यांचे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन.

एटकिन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी साताऱ्यास झाला. साताऱ्याचे राज्य खालसा होऊन तेव्हा तीनच वर्षे लोटली होती. त्यांचे वडील जेम्स एटकिन हे स्कॉटलंडहून आलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. मुलाचे प्रारंभीचे शिक्षण त्यांनी स्वतःच केले. पुढील शिक्षण मुंबई व पुणे येथे झाले. मुंबई विश्वविद्यालयाच्या बी. ए. व एम. ए. या परीक्षांत एटकिन पहिले आले. १८७० पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन भाषा शिकविली. ग्रीक भाषेतही त्यांची चांगली गती होती. अशा मनुष्याने आयुष्यभर ग्रंथांच्या सहवासात राहावे हे स्वाभाविक झाले असते. पण १८७६ साली त्यांनी सरकारच्या जकात व मीठ खात्यात नोकरी धरली आणि त्यांचा मुक्काम ग्रंथालयातून मिठागराच्या बांधावर आला.

आम्हा वसईकडच्या लोकांना मिठागराची ओळख करून देण्याचे कारण नाही. वसईहून आगगाडीने नायगाव ओलांडून भाईंदरकडे निघाले की खाजणातील चौकोनी कोंडी दिसू लागतात. समुद्राचे पाणी त्यांत घ्यावयाचे, उन्हाने ते आटू द्यावयाचे आणि खाली उरलेले मीठ ओढून त्याच्या राशी घालावयाच्या, असा हा साधा व्यवहार. परंतु इंग्रजी अमदानीत या साध्या व्यवहारावर सरकारची करडी नजर असे. मिठावर भारी कर होता. कर चुकवून मूठभर मीठही आगराबाहेर जाऊ नये म्हणून जागोजाग पहारे बसविलेले असत. ज्या करापायी पुढे १९३० साली महात्मा गांधींनी दांडीचा सत्याग्रह केला, तोच हा कर. त्याच्या वसुलीचे काम करणाऱ्या खात्याविषयी लोकांना प्रेम वाटण्याचे कारण नव्हते. एटकिन यांनी नोकरी केली ती या खात्यात, हे आपण झाकून ठेवू नये. मात्र या नोकरीनेच त्यांना माणसांच्या वस्तीपासून दूर, खाडी, रण आणि अरण्य यांच्या काठी वर्षानुवर्षे ठेवले. दुसरा एखादा अधिकारी अशा जागी कंटाळून गेला असता. एटकिन यांनी तेथे पाहावयास आरंभ केला.

खारघोडा हे गाव गुजरातेत कच्छच्या लहान रणाच्या काठी आहे. धूळ, ऊन आणि मीठ यांखेरीज तेथे काय असणार, असे कोणीही म्हणेल. एटकिन यांच्या बंगल्यात मात्र उंदीर होते, पाली होत्या, मुंग्या, कोळी, बेडूक, वटवाघळे होती. सरहद्दीवरच्या टोळ्यांशी सरकारने कसे वागावे याची चर्चा त्या काळी इंग्रजी वर्तमानपत्रांतून गंभीरपणे चाले. एटकिन यांनी घरातल्या या प्राण्यांनाच टोळ्या कल्पून त्यांच्याशी आपले राजकारण कसे चालते, याचे खुसखुशीत वर्णन लिहिले. ते पुस्तक १८८३ साली प्रसिद्ध झाले. पुस्तकावर त्यांनी आपल्या नावाची तीन आद्याक्षरे जोडून घेतलेले टोपणनाव घातले. देवनागरीत ते ‘ईहा’ असे लिहिता येते. संस्कृतात ईहा म्हणजे इच्छा, प्रयत्न. लॅटिनच्या या पंडिताला त्याची कल्पना असो वा नसो, नाव शोभून दिसले खरे! पुढे घरातील नोकरचाकरांवर, रानातील भटकंतीवर आणि मुंबईतील नेहमीच्या पक्ष्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली. ती विनोदी म्हणून वाचली गेली. त्या विनोदाच्या खाली किती बारकाईचे निरीक्षण आहे, हे दुसऱ्या वाचनात ध्यानात येते.

१८८३ या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. १५ सप्टेंबर रोजी मुंबईत आठ गृहस्थ एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांपैकी एटकिन हे एक होते. संस्थेचे पहिले चिटणीस तेच झाले व १८८६ पर्यंत त्यांनी ते काम पाहिले. आठांपैकी दोघे आपले होते. एक, डॉ. सखाराम अर्जुन, हे वनस्पतींचे जाणकार वैद्य होते. दुसरे, प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग. हे मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे बंधू. त्यांच्या तर्खडकर या आडनावाचे तर्खड हे गाव आमच्या पापडीच्या अगदी शेजारी आहे. संस्थेच्या आरंभीच्या सभा भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात भरत. हे संग्रहालय आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. कोणी पक्ष्याचे अंडे आणावे, कोणी साप, कोणी फुलपाखरू, आणि सर्वांनी मिळून ते कोणत्या जातीचे आहे याची खात्री करावी, असे त्या सभांचे स्वरूप होते. १८८६ पासून संस्थेने आपले नियतकालिक काढले. ते आजही निघते.

प्राण्याची जात ठरविणे म्हणजे काय, हे येथे थोडे समजावून घेतले पाहिजे. १७५८ साली स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनीअस यांनी प्रत्येक प्राण्याला लॅटिन वळणाची दोन पदांची नावे देण्याची रीत पक्की केली. पहिले पद वंशाचे, दुसरे जातीचे. नाव देणे सोपे असते, परंतु हातातला प्राणी त्याच नावाचा आहे किंवा नाही हे ठरविणे अवघड असते, कारण निसर्गात तोतये पुष्कळ आहेत. रुईच्या झाडाभोवती घिरट्या घालणारे तांबूस रंगाचे फुलपाखरू आपण पाहिले असेल. त्याच्या पुढच्या पंखांची टोके काळी असून त्यांवर पांढरे पट्टे असतात. रुईच्या चिकातील विष त्याच्या अळीच्या अंगात भिनते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत. आता गंमत अशी की, एका अगदी वेगळ्या वंशातील फुलपाखराची मादी हुबेहूब हेच रूप धारण करते. तिच्या अंगी विष नसते, पण पक्षी फसतो आणि तिला सोडून देतो. तिचा नर काळा असून त्याच्या पंखांवर पांढरे गोल डाग असतात. नर व मादी शेजारी ठेवली तर ती एका जातीची आहेत असे कोणीही म्हणणार नाही. मग खरे नाते ओळखावयाचे कसे? त्यासाठी अळी पाहावी लागते. विषारी फुलपाखराची अळी रुईवर वाढते, तर तोतयाची अळी घोळीच्या भाजीसारख्या वनस्पतींवर. पंखांचा रंग फसवील, परंतु प्राण्याची बाल्यावस्था आणि राहणी सहसा फसवीत नाही.

एटकिन पुढे उत्तर कानडा जिल्ह्यात गेले तेव्हा याच रीतीचा त्यांना भरपूर सराव झाला. तेथे जे. डेव्हिडसन आणि टी. आर. बेल हे दोन सरकारी अधिकारी त्यांना समानशील मित्र लाभले. तिघांनी मिळून त्या जिल्ह्यातील फुलपाखरांचा अभ्यास केला व त्यांच्या अळ्या आणि कोश यांची वर्णने सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. खोक्यात टाचून ठेवलेल्या मेलेल्या फुलपाखरापेक्षा पानावर चालणाऱ्या जिवंत अळीस त्यांनी अधिक मान दिला. हा सराव पुढे एका फार निराळ्या कामी उपयोगी पडावयाचा होता.

त्या वेळी हिवताप हे या देशावरील मोठे संकट होते. दलदलीतील दूषित हवेने हा ताप येतो असा समज युरोपातही शतकानुशतके चालत आला होता. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थच वाईट हवा असा आहे. १८९५ पासून रोनाल्ड रॉस हे लष्करी डॉक्टर डासांच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधीत होते. दोन वर्षे त्यांना यश आले नाही. सूक्ष्मदर्शकात डोळे घालून त्यांनी डासामागून डास फाडले, परंतु जंतू सापडेनात. कारण सरळ होते. ते फाडीत होते ते डास बहुतेक दुसऱ्याच जातींचे होते. अखेर ठिपकेदार पंखांचे थोडे डास त्यांच्या हाती लागले आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे त्यांना अशा डासाच्या जठरात जंतू दिसले. त्या डासाचे शास्त्रीय नाव रॉस यांना ठाऊक नव्हते. ते आपले त्याला ठिपकेदार पंखांचा डास म्हणत. पुढील वर्षी इटलीतील ग्रासी आणि त्यांचे सहकारी यांनी माणसाचा हिवताप ॲनॉफिलीस या वंशातील डासच पसरवितात हे सिद्ध केले. हे नाव १८१८ साली ठेवले गेले, तेव्हा या डासाच्या कर्तृत्वाची कोणालाच कल्पना नव्हती. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ निरुपयोगी असा होतो.

आता गोव्याच्या सीमेकडे वळू. गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते आणि तेथील आगरांत मीठ मुबलक पिके. इंग्रजी मुलखात कराने महागलेले मीठ, आणि डोंगर ओलांडला की स्वस्त मीठ, अशी स्थिती असल्यावर चोरटा व्यापार चालणारच. १८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात करार होऊन गोव्यातील मिठाचा बंदोबस्तही इंग्रजांच्या हाती आला होता. परंतु १८९२ साली तो करार संपला. मग डोंगरवाटांवर आणि खाड्यांच्या मुखांशी जकातीची नाकी बसवून शिपायांचे पहारे ठेवणे सरकारला भाग पडले. हे शिपाई म्हणजे अल्प पगारावर नोकरीस लागलेली गरीब माणसे. भोवती किर्र रान, आणि त्यातून झुळझुळणारे ओहळ. थोड्याच दिवसांत शिपाई तापाने फणफणू लागे. थंडी भरे, हातपाय थरथरत, ताप चढे, घाम येऊन उतरे, आणि पुन्हा ठराविक वेळी परत येई. या तापाने जीवही जात. सीमेवरच्या नाक्यावर बदली झाली की माणसाच्या पोटात भीतीचा गोळा उठे.

ॲनॉफिलीस डास हे तापाचे कारण आहे हे कळल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने एटकिन यांना खास कामगिरीवर या सीमेवर धाडले. कोणत्या नाक्यावर हिवताप किती आहे हे पाहावे आणि शिपायांना या डासांच्या शेजारापासून दूर कसे नेता येईल याचा उपाय सुचवावा, अशी ती कामगिरी होती. आपल्या नोकरीच्या दीर्घ काळात त्यांच्या आवडीचे काम त्यांना सरकारकडून दोनदाच मिळाले, त्यांपैकी हे पहिले. डास आपल्या जन्मस्थानापासून सहसा फार दूर उडून जात नाही. म्हणून तो नेमका कोठे वाढतो हे कळले, तर नाके कोठे असावे हे ठरविता येते. परंतु तो म्हणजे कोण? रानात डासांना तोटा नव्हता. त्यांतला अपराधी निवडून काढणे हेच खरे काम होते.

अपराधी निवडण्याच्या खुणा कोणत्या, त्या पाहण्यासारख्या आहेत. आपल्या घरात रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुधा क्यूलेक्स वंशातील डास. तो भिंतीवर बसतो तेव्हा त्याचे अंग पाठीत कुबड आल्यासारखे वाकलेले आणि भिंतीशी समांतर असते. ॲनॉफिलीस बसतो तो डोके खाली व मागचा भाग वर करून, भिंतीत तिरपा खिळा ठोकावा तसा. पाण्यातील अळ्यांची रीत याच्या उलट आहे. क्यूलेक्सच्या अळीला शेपटाकडे श्वासाची नळी असते. ती नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून अळी डोके खाली करून तिरपी लोंबते. ॲनॉफिलीसच्या अळीला अशी नळी नसते, म्हणून ती पृष्ठभागाखाली आडवी पडून राहते. क्यूलेक्सची अंडी एकमेकांना चिकटून होडीसारखा तराफा होतो. ॲनॉफिलीसची अंडी सुटी तरंगतात आणि प्रत्येकाच्या दोन्ही कडांना हवेचे छोटे पोकळ तरंगक असतात. वसईतील मुलांनी बावखलाच्या काठी किंवा विहिरीच्या पायरीवर बसून पाणी निरखले, तर तिरप्या आणि आडव्या अशा दोन्ही अळ्या त्यांना ओळखता येतील.

याहून पक्की खूण डासाच्या मुखाशी असते. सोंडेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक स्पर्शक असतात. क्यूलेक्सच्या मादीत ते अगदी आखूड असतात, ॲनॉफिलीसच्या मादीत सोंडेइतकेच लांब. म्हणून भिंगातून पाहिले म्हणजे ॲनॉफिलीसच्या मादीला एकाऐवजी तीन सोंडा असल्याचा भास होतो. ही खूण लावताना एक सावधगिरी घ्यावी लागते. नरांचे स्पर्शक दोन्ही वंशांत लांबच असतात. नर डास रक्त पीत नाही, त्याचा हिवतापाशी संबंध नाही. परंतु नवशिक्या परीक्षकाने क्यूलेक्सचा नर धरला, त्याचे लांब स्पर्शक पाहिले आणि ॲनॉफिलीस सापडला म्हणून टिपून ठेवले, तर पुढची सारी नोंद चुकलीच. म्हणून आधी शृंगिका पाहावयाच्या. नराच्या शृंगिका पिसासारख्या झुपकेदार असतात, मादीच्या साध्या.

या खुणांपेक्षा पंखांवरील ठिपके कितीतरी सोयीचे. डासाच्या पंखांवर फुलपाखराप्रमाणेच सूक्ष्म खवले असतात. बहुतेक ॲनॉफिलीस डासांत काही खवले काळे व काही फिके असल्यामुळे पंख ठिपकेदार दिसतो. रॉस यांना वाट दाखविली ती याच ठिपक्यांनी. भिंगाशिवायही ते दिसतात. साहजिकच पंख ठिपकेदार असेल तर ॲनॉफिलीस, साधा असेल तर दुसरा कोणी, असा सोपा नियम लोकांच्या मनात बसू लागला होता.

गोव्याच्या सीमेवरील रानात एटकिन यांना जो डास मिळाला त्याने हा नियम मोडला. तो आकाराने लहान, रंगाने काळपट तपकिरी. पंखांवर एकही ठिपका नाही, पायांवर पट्टे नाहीत, स्पर्शकांवर पांढरी कडी नाहीत. वरवर पाहणाराने त्याला रानातला एखादा सामान्य डास समजून सोडून दिले असते. परंतु स्पर्शकांची लांबी मोजली तर तो निःसंशय ॲनॉफिलीस ठरत होता. त्याची अळी रानातील सावलीच्या ओहळांत व डबक्यांत वाढते आणि पाण्यावर ॲनॉफिलीसच्याच रीतीने आडवी पडते. म्हणजे वेष एकाचा आणि कूळ दुसऱ्याचे, असा हा प्रकार होता. फुलपाखरांच्या अळ्या वाढवून तोतये ओळखण्याची सवय असलेल्या मनुष्याच्या हाती तो पडला, हे शास्त्राचे भाग्यच म्हटले पाहिजे.

एटकिन यांनी स्वतः त्याला नाव दिले नाही. भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टर एस. पी. जेम्स हे त्या काळी या देशातील ॲनॉफिलीस डासांचे मोठे जाणकार होते. त्यांनी हा डास तपासून ही शास्त्राला नवी जात असल्याचे ठरविले आणि शोधकर्त्याच्या नावावरून तिचे नाव ॲनॉफिलीस एटकिनी असे ठेवले. हे वर्णन १९०३ साली प्रसिद्ध झाले. एटकिनी हे लॅटिनमधील षष्ठीचे रूप आहे. त्याचा अर्थ एटकिनचा. डेक्कन कॉलेजात विद्यार्थ्यांकडून हीच विभक्ती घोकून घेणाऱ्या शिक्षकाला आपले नाव तिच्यात चाललेले पाहून हसू आले असेल काय, असे वाटून जाते.

मग नाक्यावरच्या शिपायांचा शत्रू सापडला म्हणावयाचा काय? नाही. एटकिनीचा हा डास ॲनॉफिलीस असूनही माणसाचा हिवताप पसरवीत नाही असे पुढील संशोधकांना आढळून आले. तो रानातच राहतो, माणसाच्या घराकडे फारसा फिरकत नाही. त्याचे ओहळ बुजवीत बसणे म्हणजे निरपराध्यास शिक्षा करून अपराध्यास मोकळे सोडण्यासारखे झाले असते. आपल्या देशात ॲनॉफिलीसच्या सुमारे साठ जाती आहेत आणि त्यांतील मोजक्याच हिवताप पसरवितात. त्यांपैकी एक डोंगरपायथ्याच्या वाहत्या पाण्यात वाढतो. त्याला जेम्स यांनीच १९०२ साली प्रवाहातला या अर्थाचे फ्लुविआटिलिस असे नाव दिले होते. सह्याद्रीच्या पट्ट्यातील तापाचा मुख्य धनी हाच. मुंबईत हे काम स्टीफेन्सी नावाची जात करते. ती विहिरी आणि टाक्यांच्या स्वच्छ पाण्यात वाढते. खेड्यापाड्यांतील एका घातक जातीला जाइल्स या डॉक्टरांनी १९०१ साली क्युलिसिफेसीज असे नाव दिले. क्यूलेक्सच्या रूपाचा असा त्या लॅटिन शब्दाचा आशय आहे. पाहा, येथेही पुन्हा तोच घोटाळा! हा डास दिसतो निरुपद्रवी, आणि आहे घातक. एटकिनी दिसतो परका, आहे ॲनॉफिलीसच, पण निरुपद्रवी. दोघांना नीट ओळखले नाही तर पैसा आणि श्रम भलतीकडे खर्च होतात आणि ताप जागच्या जागी राहतो.

१९०३ साली एटकिन यांची कराचीस जकात व मीठ खात्याचे मुख्य अधिकारी म्हणून नेमणूक झाली. नोकरीच्या अखेरीस त्यांच्याकडे सिंध प्रांताचे गॅझेटियर लिहिण्याचे काम आले. त्यांच्या आवडीचे म्हटले ते दुसरे काम हेच. १९०६ साली ते निवृत्त होऊन स्कॉटलंडला गेले. गॅझेटियर १९०७ साली छापून निघाले. एप्रिल १९०९ मध्ये एडिंबरो येथे त्यांचे निधन झाले. सरकारी अहवालांतून त्यांच्या कामाची प्रशंसा वेळोवेळी झाली होती. तथापि एवढा रसिक लेखक आणि एवढा डोळस निरीक्षक आपण तीस वर्षे मिठाच्या हिशेबाला जुंपला आहे, याची जाणीव सरकारला कितपत होती याविषयी त्यांच्या मित्रांना शंकाच वाटे.

त्यांच्या डासाची कथा मात्र त्यांच्या मागेही चालू राहिली. बिनठिपक्याच्या पंखांचा काळपट डास दिसला की त्याला एटकिनी म्हणावयाचे, असा परिपाठ पुढे पडला. परंतु त्याच्या अळ्या बारकाईने पाहणाऱ्यांना त्या सगळ्या सारख्या दिसेनात. कोणाच्या डोक्यावरील केस एकेरी होते, तर कोणाच्या केसांना फाटे फुटलेले होते. हिवतापाच्या संशोधनात गुंतलेले भारतीय शास्त्रज्ञ आय. एम. पुरी यांनी १९३० साली या डासांतून एक वेगळी जात निवडून तिला बेंगालेन्सिस हे नाव दिले. आणखी काही जातीही अशाच वेगळ्या झाल्या. एटकिनी हे आता अशा अनेक जातींच्या एका गटाचेही नाव आहे. त्यांतील पूर्ण वाढलेल्या माद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर जाणकारालाही त्या वेगळ्या करणे कठीण जाते. त्यासाठी अळी किंवा कोशाची रिकामी कात हाती असावी लागते.

गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या उत्तर कानडा जिल्ह्याचा हिवताप आटोक्यात येण्यास एटकिन यांच्या मृत्यूनंतर बराच काळ जावा लागला. १९४६ च्या सुमारास डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली कानडा व धारवाड या जिल्ह्यांतील घरांच्या भिंतींवर डी. डी. टी. फवारण्याची मोठी मोहीम झाली. रक्त पिऊन भिंतीवर विसावणाऱ्या फ्लुविआटिलिसला तो फवारा बाधला. एटकिनी त्या भिंतींवर बसलेलाच नव्हता. तो रानात, ओहळाच्या सावलीत होता, आणि अजून तेथेच आहे.